भंडाऱ्याच्या गल्लीची उजवी बाजू

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उतरले आणि पहिली मोठी अक्षरं मिळाली. "कोंढा, कोंढा, कोंढा," असं एक गाडीवाला गावाचं नाव घेऊन ओरडत होता. मी पिशवीतून घडीचा लांब कागद काढून ते शब्द जाड आणि एकमेकांना चिकटलेले लिहून घेतले.

माझं काम अक्षरं रेखाटण्याचं. पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या. या खेपेला ठरवलं होतं, चालताना कानावर पडेल ते बोलणं लिहायचं आणि त्याचाच रस्ता काढायचा. मोठा आवाज जाड अक्षरांत, हळू बोलणं बारीक, डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. जवाहरनगरला राहणारी माझी मावसबहीण शालू सोबतीला आली होती.

"लोकं काय बोलून राहिले ते लिहिते, अन् त्याले नकाशा म्हणते?" ती म्हणाली. "बरं, चाल."

बाजारातली गल्ली अरुंद होती. डावीकडे भांड्यांचं दुकान. "हा गुंड (पाणी भरायची घागर) नातवालेही पुरते," दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता. पुढे दोन बायका धानाच्या रोवणीबद्दल (भातलावणीबद्दल) बोलत होत्या. डावी बाजू भरभर भरली. उजवीकडे मात्र बारीक, तुटकी अक्षरं. भाजीवाल्या बायकांचे ओठ हलत होते, पण शब्द हाती लागत नव्हते. इकडची बोली मला नवी, म्हणून कळत नसेल असं वाटलं. मग वाटलं, सावलीत बसलेली माणसं हळूच बोलत असतील.

गल्लीच्या टोकाला टपरीवर शालूने सांबारवडी मागवली. मी आमटीची वाट बघत बसले. ती हसली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. गरम वडीने जीभ भाजली, पण दुसरीही खाल्ली.

परत त्याच गल्लीने निघालो. आता भाजीवाल्या माझ्या डावीकडे होत्या आणि त्यांचे आवाज एकदम खणखणीत झाले. उलट भांडीवाला तोंड हलवत होता आणि मला नीट ऐकूच येईना. मी गोंधळून थांबले.

एक भाजीवाली म्हणाली, "बाई, मघाशी तुमाले किती आवाज दिला. कागद पडला होता तुमचा. पाहिलंच नाही तुम्ही." तिने कागदाचा फाटलेला तुकडा पुढे केला.

"काहून थांबली?" शालूने विचारलं. मी तिला माझ्या उजवीकडे उभं केलं आणि हळूच काहीतरी बोल म्हटलं. तिचे ओठ हलले.

"बोल ना," मी म्हणाले.

ती डावीकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. "तुलेच आवाज दिला, ताई. दोनदा."

एसटीत बसताना तिने मला उजवीकडची खिडकी दिली आणि स्वतः माझ्या डावीकडे बसली. मला सोडायला ती नागपूरपर्यंत आली आणि वाटभर बोलत राहिली. तिने मुद्दाम आवाज चढवला नाही, याचं मला बरं वाटलं.

पुण्याला घरी परतल्यावर डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या कानाची नस कमजोर झाली आहे. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना. नकाशा मी जसा ऐकला तसाच रेखाटला. त्या कामात चूक नव्हती. पण घरात, जिन्यात, रस्त्यावर उजवीकडून कुणीकुणी हाक मारली असेल आणि मी सरळ पुढे निघून गेले असेन, ते आता कुणाला विचारू, हे कळत नाही.