सासू-सुनेचं जमलं आणि मी उरलो

लोकांच्या घरात सासू-सुनेची भांडणं असतात म्हणून माणसं डोकं धरून बसतात. मी गडी असा, की आमच्या घरात नसलेलं भांडण लावायला गेलो! हसू नका, चहा सांडंल. आधी सगळं ऐकून तर घ्या. माझी पण काहीतरी बाजू असंल की नाही?

तसा दोघांच्या मधे तिसरा व्हायचा अनुभव मला जुना. अकरावीत होतो तेव्हा आमच्या संत्याचा वर्गातल्या एका पोरीवर जीव जडला. दोघांना अजिंक्यताऱ्यावर फिरायला जायचं होतं, पण दोघंच जायला टरकत होते. मग तिसरा कोण? मी! संत्या म्हणाला, "पम्या, तू नुसता बरोबर चल गड्या. कुणी बघितलं तर वाटंल, तिघं अभ्यासाला आल्यात."

किल्ल्यावर अभ्यास! पण गेलो. माझं काम काय? दहा पावलं पुढं चालायचं, मागं वळून बघायचं नाही, आणि दोघांची दप्तरं धरायची.

आणि नेमका वर त्या पोरीचा मामा. रोज चालायला यायचा म्हणे. ती दोघं कधीच झाडाआड झाली होती. मामाला दिसलो मी एकटा, आणि माझ्या खांद्यावर भाचीचं गुलाबी दप्तर. मामानंच वाढदिवसाला घेऊन दिलेलं! कानाखाली अशी वाजवली, की वरनं अख्खं सातारा शहर मला गोल फिरताना दिसलं. त्या प्रेमप्रकरणात बाकीच्यांना काय मिळालं ते मिळालं, माझ्या वाट्याला एवढंच आलं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी दीपालीशी लग्न झालं तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ती सांगलीची, बोलायला मोकळी, हसली तर शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाणार. मी कामाला शिरवळच्या कंपनीत, राहायला साताऱ्यात. म्हटलं, चला, जोडीत आपला नंबर लागला एकदाचा. इथनं पुढं तिसरा होईल तो दुसरा कुणीतरी!

आणि आई आली.

आई-दादा आमचे गावाकडं, म्हसवडजवळ. दादा म्हणजे माझे वडील, पलटणीतनं रिटायर झाले, आता म्हशी सांभाळतात आणि म्हशींना पण 'सावधान' करतात. आईचा गुडघा दुखायला लागला म्हणून तिला पंधरा दिवसांसाठी साताऱ्याला आणली. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पायात ताकद आणा. व्यायाम करा."

दीपाली लगेच म्हणाली, "आत्या, मी जिम लावणारच हाय. दोघी जाऊ." आमच्याकडं बऱ्याच घरांत सून सासूला आत्या म्हणते, तसं.

मी मनात हसलो. जिचा जन्म शेतात गेला ती बाई जिममध्ये किती दिवस टिकणार? फार तर दोन!

पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी आईच्या हातात दोन-दोन किलोची डंबेल्स दिली. आईनं ती खालीवर करून बघितली आणि विचारलं, "ह्ये खेळायचं हाय व्हय?" मग शेजारचं पंधरा किलोचं एका हातानं उचललं, वैरणीची पेंडी उचलावी तसं. सरांचं तोंड उघडं ते उघडंच. अहो, चाळीस वर्षं डोक्यावर भारे वाहिलेली बाई ती!

पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. आईला जिम मानवलं, आणि सुनेला सासू.

मी म्हटलं, आपण पण जावं, तेवढाच बायकोचा सहवास. कंपनीची बस संध्याकाळी सातला सोडते, साडेसातला मी पण जिममध्ये हजर. पण तिथं माझं काम काय? दीपालीच्या उठाबशा आई मोजणार, आईच्या दीपाली मोजणार. दोघींच्या बाटल्या एकसारख्या, टॉवेल एकसारखे. माझा टॉवेल कंपनीनं दिवाळीला दिलेला. कुठल्या मशीनजवळ गेलो की दीपाली म्हणायची, "तुमी जरा पलीकडं करा ओ. आमची जोडी हाय."

आमची जोडी! लग्नपत्रिकेवर कुणाचं नाव होतं मग?

एका संध्याकाळी तर हद्द झाली. मी बाकावर उताणा पडून रॉड उचलत होतो. दोघी माझ्या डोक्याशी उभ्या, मी दमलो तर रॉड धरायला. सातव्या खेपेला हात थरथरायला लागले आणि रॉड येऊन छातीवर बसला. मी बारीक आवाजात म्हटलं, "आई... दीपा..."

वर काय चाललंय?

"आत्या, मटकीला मोड येईनात ओ दोन दिवस झालं."

"आगं, फडकं वलं करून घट्ट बांधतीस न्हवं? आन् पाणी कोमट घे."

"किती कोमट?"

इथं माझा जीव चाललाय आणि वर पाण्याचं कोमट मोजतायत! शेवटी सर पळत आले, दोन बोटांनी रॉड उचलला आणि म्हणाले, "दादा, वजन कमी लावत जावा." तवा कुठं दोघींनी खाली बघितलं. आई म्हणाली, "आरं, तू हितं कवा आलास?"

त्या रात्री मी ठरवलं. लग्नाचा तिसरा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता. तापोळ्याला धरणाच्या पाण्याकाठी एक खोली बुक केली. दोघांसाठीच! खुशीत दीपालीला सांगितलं. ती टाळी वाजवून म्हणाली, "लय भारी! आत्यांनी एवढं पाणी कधीच बघितलं न्हाई. तिघं जाऊ!"

आता सांगा, मी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये रफिकपाशी रडगाणं गायलो. रफिक माझा शेजारच्या सीटवरचा दोस्त. त्याच्या घरी आई आणि बायकोचं अजिबात पटत नाही. तो भडकलाच. "आरं, लोकं ह्यासाठी दुवा मागत्यात आन् तू रडतोयस? माझ्या घरी यून बघ. दारात पाय टाकला की एका कानाला आई, दुसऱ्या कानाला बायको. दोघी दिवसभर तोंड बांधून बसत्यात आन् माझ्यावर सोडत्यात सगळं."

झालं! रफिक काय सांगत होता आणि मी काय ऐकलं बघा. मी ऐकलं ते एवढंच, की ह्याच्याशी दोघी बोलतात. म्हटलं, आपल्या घरात पण थोडी ठिणगी पडायला काय हरकत आहे? जास्त नको. पंधरा दिवसांपुरती. दीपाली रुसून माझ्याकडं येईल, म्हणेल, "तापोळ्याला आपण दोघंच जाऊ." परत आलो की मीच मिटवीन. केवढा शहाणा मी!

संध्याकाळी दीपाली भाकरी थापत होती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आई म्हणत होती, आजकालच्या पोरींचं जिम म्हणजे नुसतं कपडे घालून आरशात बघायचं."

तिचा हात थांबला. "आत्या असं म्हणाल्या?"

"मनाला लावून घेऊ नको. जुनी माणसं."

मग बाहेर येऊन आईजवळ बसलो. "आई, दीपाली म्हणत होती, आत्यांमुळं माझा व्यायाम मागं पडतो. त्यांचं बघण्यातच वेळ जातो."

आई नुसता गुडघा चोळत बसली.

मला वाटलं, आता भांडी आपटतील, टोमणे सुरू होतील, माझ्याकडं तक्रारींची रांग लागंल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी साडेसातला दीपाली म्हणाली, "आज डोकं दुखतंय, आत्यांना घिऊन जावा." आई म्हणाली, "माझाबी गुडघा धरलाय. तिलाच न्हे." शेवटी मी एकटाच गेलो. सर म्हणाले, "जोडी कुठं हाय?" म्हटलं, "मी आलोय की." ते म्हणाले, "व्हय, पण जोडी कुठं हाय?"

घरात चिडीचूप. जेवताना नुसता भाकरी मोडल्याचा आवाज. दीपाली माझ्याशी बोलायला लागली, हे खरं. पण काय बोलायची? "आत्या माझ्यावर का रागावल्या ओ? माझं काय चुकलं?" तेच आईचं. "पोरीला माझा तरास हुतोय तर तिनं मला तोंडावर सांगायचं की रं." बायको माझ्याजवळ बसून आईबद्दल बोलणार, आई बायकोबद्दल. म्हणजे त्या दोघी बोलत नसताना पण मी तिसराच!

खरं सांगतो, तेव्हाच कबूल व्हायला पाहिजे होतं. पण जीभ रेटंना. एकदा खोटं बोललं की ते निस्तरायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

रविवारी सकाळी आईनं पिशवी भरली. "मी जाती गावाला. तुमच्या दादांचं बी हाल व्हत्यात. तुमी दोघं जावा तापोळ्याला, लई वाट बघितली तू." माझ्या मनासारखं झालं म्हणायचं! मी मोटारसायकल काढली. दीपाली आतनं एक डबा घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि आईकडं न बघता म्हणाली, "मटकीला मोड आल्यात. आत्यांना द्या."

एसटी स्टँडवर म्हसवडची गाडी लागलेलीच होती. आईनं डबा उघडला, बघितला, झाकला. पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "पोरीला सांग, वजन उचलताना पाठ सरळ ठिव म्हणावं. न्हाईतर कंबर धरंल. मी नसलं की वाकडी हुती ती."

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मामानं कानाखाली दिली तवा पण नाही. तिथंच फोन काढला आणि दीपालीला म्हटलं, "लगेच स्टँडवर ये. आईला..." तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली. फोन कट झाला.

आता 'आईला' एवढं ऐकल्यावर माणूस काय समजणार? दहा मिनिटांत रिक्षा आली. दीपाली एका पायात चप्पल, दुसऱ्यात माझा बूट अशी उतरली आणि रडतच ओरडली, "आत्या! आत्यांना काय झालं?"

आई घाबरून उठली. "आगं, मला काय झालं न्हाई! तुला काय झालं?"

गाडीतली माणसं खिडकीला. बाकड्यावरची माणसं उभी. आणि मधे मी.

"आई तसं काही बोलली नव्हती," मी दीपालीला म्हटलं. मग आईला म्हटलं, "आणि ही पण तसं बोलली नव्हती. दोन्ही मीच बोललो."

बाकड्यावरचे एक फेटेवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "म्हंजी सोताचंच घर फोडाय निघाला व्हय ह्यो?"

"मावशी, द्या एक ठिवून!" गाडीतनं एका बाईनं सुचवलं.

कंडक्टर दारात उभा होता. "चला, म्हसवडवाले बसून घ्या," म्हणाला, आणि मग स्वतःच खाली उतरला. "पर का केलंसा ओ असं?"

आता अख्ख्या स्टँडला उत्तर पाहिजे! मी खाली मान घालून म्हटलं, "ह्या दोघी एकमेकींचं सगळं मोजतात. माझं कुणीच मोजत नाही. मला पण वाटतं, अर्धा तास तरी कुणी माझ्याजवळ बसावं."

मग आईनं पाठीत असा गुद्दा घातला की आठ महिन्यांचं जिम एका फटक्यात दिसलं. "मग त्ये तोंडानं सांगायचं की, मुडद्या!" आणि लगेच दीपालीला जवळ घेऊन दोघी जणी रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. मी पण पुढं झालो, तर दीपाली म्हणाली, "तुमी थांबा जरा."

म्हसवडची गाडी आईशिवाय गेली. घरी आल्यावर दीपालीनं विचारलं, "तापोळ्याची खोली दोघांचीच हाय न्हवं?"

मला वाटलं, माफी मिळाली. म्हटलं, "व्हय व्हय! दोघांचीच!"

"बरं झालं. मी आन् आत्या जातो. तुमी गाडी चालवा."

मी आईकडं बघितलं. म्हटलं, आई तरी बाजू घेईल. आई म्हणाली, "बरुबर न्हेतोय न्हवं तुला? आजून काय पायजे?"

रफिकची गाडी मागून आणली. तो अजून हसतोय. लग्नाच्या वाढदिवसाला भर दुपारी तापोळ्याला पोचलो. दोघी मागच्या सीटवरनं उतरल्या, एकसारखे गॉगल लावून. मी डिकीतनं बॅगा काढल्या. खोलीवाल्या भाऊंनी दोघींना किल्ली दिली, आणि मला म्हणाले, "डायवरची सोय मागच्या बाजूला हाय. जेवण तयार हाय, बसून घे."

मी दीपालीकडं बघितलं. ती ओठ दाबून हसत होती. आईनं तर कहरच केला, म्हणाली, "त्याला एक जादा गोधडी द्या ओ. लगीच गारठतो."

मागं पत्र्याच्या शेडात चार ड्रायव्हर जेवत होते. त्यांच्या शेजारी बसलो. भाऊ आमटी वाढायला आले. पाण्याकडं बघत म्हणाले, "तुझ्या गाडीतल्या मायलेकी लय गोड हायत रं. किती जीव एकमेकींवर! लेकीचं लगीन झालंय दिसतंय, मंगळसूत्र हाय. मग जावई कुठं असतो?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"शिरवळला कामाला असतो," मी म्हटलं. "जरा खुळा हाय."