कुदळीचा दांडा

"आधी आंग जागा करा, मंग कुदल," असं म्हणत ती आमच्या परसातल्या फणसाची खालची फांदी दोन्ही हातांनी धरायची आणि पाठीला ताण द्यायची. पन्नाशी उलटलेली, उंच, सडसडीत बाई. हाडं कटकन वाजली की समाधानाने हसून कामाला लागायची.

ती खाडीपलीकडच्या कळव्याहून बागकामाला यायची. मी तेव्हा ठाण्यात शाळामास्तर होतो. वांगी, मिरच्या, मोगरा लावायची हौस मला नवीनच लागली होती. पहिल्याच आठवड्यात माझा खांदा धरला, तळहातांना फोड आले. ते पाहून ती म्हणाली, "मास्तर, माती काय पलून चाललीय?"

मग तिने मला फणसाखाली उभं केलं. आमचं कुटुंब स्वयंपाकघराच्या दारातून हसू दाबत म्हणालं, "अहो, बाग करताय की तालीम?" शेजारचे वकीलही कुंपणावरून पाहत होते. ती मात्र गंभीर. खुरपताना मी वाकलो की पाट आणून पुढे ठेवी. भरलेली घागर उचलायला गेलो की अर्धं पाणी अळवात ओतून टाकी. "दोन खेपा करा. कंबर एकच दिलीय देवानं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याला जपतात, स्वतःसाठी मात्र एखादीच गोष्ट मागतात, तीही हळू आवाजात.

तिने मागितला कुदळीला लांब दांडा. आमची कुदळ माझ्या बुटक्या वडिलांच्या मापाची, तिला फार वाकावं लागे. तिची स्वतःची घरी सुनेच्या हातात असे. "जरा लांब दांडा घाला, मास्तर." मी म्हणालो, "बघतो." श्रावणात तिने पुन्हा आठवण केली. सुताराचं घर आमच्या मागच्याच आळीत होतं. माझं जाणं राहत गेलं.

दसऱ्यानंतर जमीन घट्ट होऊ लागली. वांग्याचा एक वाफा खणायचा राहिला होता. ती मध्येच थांबली. "आज कंबर बोलतेय. बाकीचं उद्या करू?"

मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "आता कितीसं राहिलंय? उरकून टाका."

तिने उरकलं. शेवटचा घाव घातला आणि ती तिथेच खाली बसली. ओरडली नाही. "मास्तर, मला उठवत नाय," एवढंच म्हणाली.

तिला बैलगाडीत निजवून कळव्याला पोचवलं. त्याच संध्याकाळी मी सुताराकडे गेलो. त्याने नवा दांडा बसवून दिला तेव्हा माझ्या तोंडातलं पान पुरतं चघळूनही झालं नव्हतं.

महिन्याभराने ती कुदळ घेऊन मी तिच्या घरी गेलो. ती दाराशी घोंगडीवर, भिंतीला टेकून बसली होती. वैदूचे लेप झाले होते, पाय उचलत नव्हते. माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवले होते. तिने कुदळ पाहिली आणि सुनेला हाक मारली.

"धरून उभी राहा गं."

सून ठेंगणी. दांडा तिच्या खांद्याच्याही वर गेला.

"हिला लांब पडतो," ती म्हणाली. "वीतभर कापा. नाय तर हिचीबी पाठ जाईल."

तिच्या मुलाने माझ्यासमोरच दांडा कापला. सुनेने अंगणात दोन घाव घालून पाहिले. ती मान वाकडी करून सुनेची पाठ निरखत राहिली, मग म्हणाली, "हां. आता बेस."

मी चपला घातल्या. म्हटलं, माफीचं पुढच्या खेपेला बोलू. शिमग्याच्या आधी ती गेली.