बाबांचा वेगळा ग्लास

माझा धाकटा भाऊ बिअरच्या कारखान्यात लागला, तेव्हा आई दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "शिकून शिकून शेवटी भट्टीवरच गेला."

आमचं घर हिंगणीत. बाबा विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायचे. जळालेली मोटर उघडून तांब्याची तार नव्यानं गुंडाळण्यात त्यांचा हात बसलेला होता, त्यामुळे लांबलांबच्या शेतांवरून बोलावणं यायचं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, पण बोरच्या जंगलाकडच्या नाल्यात मोहाची दारू निघायची, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. मोटर सुरू झाली की शेतकरी खूश होऊन बाबांना तिकडे घेऊन जायचे. आम्ही शाळेत होतो त्या वर्षांत बाबा संध्याकाळी घरी येतील की आणावे लागतील, हे आई त्यांच्या सायकलच्या आवाजावरून ओळखायची. ते कधी कुणाला मारायचे नाहीत. दाराशी बसून रडायचे. आम्हा भावंडांना ते जास्त जड जायचं.

मग त्यांना कावीळ झाली. महिनाभर दवाखान्यात काढून घरी आले ते पार वाळून, पण त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. दिवस निघून जायचा. खरी कठीण असायची ती संध्याकाळ. पाच वाजले की त्यांची घालमेल सुरू व्हायची. आई चूल तशीच ठेवून म्हणायची, "चाला, धरणावर जाऊन येऊ." गावात नवराबायको असे जोडीनं फिरायला जायची रीत नव्हती. लोक हसायचे. आई डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे चालायची आणि बाबा मागून. पुढे पुढे ते बरोबरीनं चालायला लागले.

अशा घरातल्या पोरानं बिअर बनवायची नोकरी धरली होती. रसायनशास्त्र शिकला होता, नोकरी चांगली होती, आईला कळत सगळं होतं. तरी गावात कुणी विचारलं तर ती "कंपनीत आहे" म्हणून विषय बदलायची. 

तीन-चार वर्षांनी एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. त्याच्या कंपनीनं नागपूरच्या एका हॉटेलात जेवण ठेवलं होतं. एकेक पदार्थ आणि त्याच्याशी जुळणारी एकेक बिअर. पदार्थ आपल्याकडचेच, आणि लोकांना सगळं समजावून सांगणार तो. "ताई, तू आईबाबाले घेऊन ये," तो म्हणाला.

मी तेव्हा सेलूच्या शाळेत शिकवत होते. मी म्हटलं, "तुले समजते का तू कोणाले बोलावून राह्यला?"

"समजते. म्हणूनच बोलावतो. तू फक्त घेऊन ये."

आई नाहीच म्हणेल असं मला वाटलं होतं. पण बाबा म्हणाले, "पोरगं बोलावते त जाऊ ना," आणि मग आईनं ट्रंकेतली हिरवी साडी काढली. बाबांना एकटं जाऊ देणं तिला शक्यच नव्हतं. वाटेत तिनं केळझरला उतरून गणपतीचं दर्शन घ्यायला लावलं. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

हॉटेलात पंधरा-वीस माणसं होती. भाऊ आम्हाला घ्यायला दारापर्यंत आला, दोघांच्या पाया पडला आणि त्यानं आम्हाला पुढच्याच टेबलावर बसवलं. आईनं बाबांना आपल्या आणि माझ्या मध्ये बसवून घेतलं. मग सगळ्यांसमोर उंच, नाजूक काचेचे ग्लास आले. माझ्यासमोर गव्हाची फिकी बिअर. आईबाबांसमोरही अगदी तसेच ग्लास, तसाच वर फेस. आई ताठ झाली.

"हे काय पाजून राह्यला तू आम्हाले?" ती हळू आवाजात म्हणाली.

"ताक आहे, आई. पातळ, घुसळून केलेलं. घेऊन पाय."

तिनं बाबांच्या आधी स्वतः घोट घेतला आणि मग त्यांचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

भावानं त्या दोघांसाठी सगळं वेगळं केलं होतं. पाटवडीच्या तिखट रश्श्याबरोबर बाकीच्यांना कडसर बिअर होती, तर त्यांना चिंचेचं गूळ घातलेलं पाणी. तो पुढं उभा राहून कडू चव तिखटाला कशी पेलते ते सांगत होता, थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत. आईला त्यातलं अर्धंही कळत नसावं, पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी आईबापासमोर आयुष्यात पहिल्यांदा बिअरचे दोन घोट घेतले. जेवढी लाज वाटेल असं वाटलं होतं तेवढी वाटली नाही.

शेवटी संत्र्याची बर्फी आली. तिच्याबरोबर आम्हाला काळी बिअर आणि त्यांना थंड काळी कॉफी. रंग हुबेहूब एक. वाढणाऱ्या माणसाची गफलत झाली. त्यानं बाबांचा ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि माझा बाबांसमोर.

बाबांनी तो उचलला आणि ओठांपाशी नेला. मी बर्फीचा तुकडा मोडत होते, मला काहीच कळलं नाही. त्यांचा हात थांबला तेव्हा मी वर पाहिलं. ते ग्लास नाकाशी धरून बसले होते. आईनंही पाहिलं होतं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती, पण ग्लास ओढून घेतला नाही. बाबांनी तो खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी, सांडू न देता, माझ्याकडे सरकवला.

"हे तुयं आहे वाटते," ते म्हणाले.

भावाला लांबूनच कळलं. बोलणं अर्धवट टाकून तो टेबलाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा, चूक झाली. मीच पाहायले पायजे होतं."

"काई नाई झालं. वासानंच समजलं मले." बाबांनी माझ्यासमोरच्या ग्लासाकडे बोट केलं. "भाजल्यावानी वास आहे. साफ आहे. आम्ही जे पेत होतो त्याचा वास असा नव्हता."

"मंग?"

"मंग काय. चांगलं काम करतं तू."

भाऊ तिथंच त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. लोक बघत होते. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उठ, लोकं वाट पाहून राह्यले. बोलणं पुरं कर आपलं."

तो उठला, डोळे पुसले आणि काळ्या बिअरबद्दल सांगायला लागला.  बाबांनी आपली कॉफी संपवली आणि माझ्या ताटातली उरलेली बर्फीही.

सकाळी तो आम्हाला बसवर सोडायला आला. आईनं त्याला रस्सा फार दाट झाल्याचं ऐकवलं, पण चिंचेच्या पाण्यात काय काय टाकलं होतं तेही विचारून घेतलं. बस निघता निघता ती खिडकीतून म्हणाली, "संक्रांतीले येजो. सुटी नाई म्हणू नको."

बुटीबोरी मागे पडल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "त्यानं आपल्यासाठी तेवढं सारं वेगळं केलं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आईला तोवर झोप लागली होती. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं होतं, म्हणून सेलू येईपर्यंत बाबा हलले नाहीत.