कारभारीला ऐकू आलेला आवाज

गाडीच्या मागून येणारा आवाज एकट्या कारभारीला ऐकू यायचा, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

तिसगावचे आडतदार रंगनाथ आप्पा यांची जुनी लँडमास्टर मोटार तो सोळा वर्षं चालवत होता. पंचावन्नी उलटली होती, कंबर धरली होती आणि करंजीचा घाट चढताना क्लचवरचा डावा गुडघा ठणकायचा. पण गाडीची नस त्याला ठाऊक होती. श्रावणापासून मागच्या डाव्या अंगाला, चाक खड्ड्यातून वर येताना, कुणी दारावर बोट वाजवावं तसं 'खट्' व्हायचं. त्यानं आप्पांना सांगितलं. आप्पांनी दोन खेपा कान देऊन ऐकलं, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मग गाडी नगरला मच्छिंद्र मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री आप्पांच्या शेजारी मागच्या सीटवर ऐटीत बसला, एक फेरी मारून आला आणि गाडी ठणठणीत आहे म्हणाला. तरी आलाच आहात म्हणून त्यानं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेल पाजलं. पुढच्या खेपेला शॉकॲब्सॉर्बर बदलला. तिसऱ्या खेपेला त्यानं गाडीकडं न बघता कारभारीकडंच बघितलं.

आप्पा मनानं वाईट नव्हते, पण तोंड सैल. वेशीजवळच्या कट्ट्यावर ते गमतीनं बोलून गेले, की आमच्या कारभारीला हल्ली भास होतात. बहात्तरचं दुष्काळी साल, गावाला दुसरी करमणूक काय होती? महिन्याभरात जो तो त्याला बघून 'खट्' म्हणू लागला. बायको भागिरथी बिचारी त्याच्या कानात कोमट तेल सोडायला लागली. दिवाळी झाली आणि आप्पांनी आपल्या भाच्याला, गहिनीनाथला, सोमवारपासून गाडीवर यायला सांगितलं. नोकरी जाण्याचं कारभारीला फारसं वाटलं नाही. अंग थकलं होतं, कधीतरी उतरायचंच होतं. पण येडा ठरून उतरायचं, हे त्याच्या जिवाला लागलं. कधी कधी तर त्याला स्वतःचाच संशय येई.

शेवटच्या शनिवारी ते नगरला निघाले. आप्पांची गाडी गावातून कधी मोकळी निघत नसे, तशी त्यांच्याकडची रीतच होती. दवाखान्याची म्हातारी, कोर्टात तारीख असलेला, लेकीकडं निघालेली कलाबाई, सगळे मागं दाटीवाटीनं बसले. दुष्काळी कामावरची खडी रस्ताभर पसरली होती, तिच्यावरून गाडी उड्या मारत गेली, तरी मागून जराही आवाज नाही. कारभारीनं मान खाली घातली आणि गाडी हाकली.

नगरला सगळ्यांना उतरवून तो एकटाच पेट्रोलला निघाला. पहिल्याच खड्ड्यात 'खट्'. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. इतके महिने हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचा त्याला स्वतःचाच राग आला. जो ऐकायला मागं बसायचा, त्याच्याच वजनानं आवाज दबत होता.

त्यानं आप्पांना बाजारातून घेतलं आणि मिस्त्रीच्या दारात आणलं. मिस्त्री सवयीनं मागचं दार उघडू लागला.

"मिस्त्री, तुमी एकटे चालवा," कारभारी म्हणाला. "आप्पा, तुमी खाली उतरा."

सोळा वर्षं त्यानं आप्पांना दार उघडून दिलं होतं, उतरा म्हणायची ही पहिलीच वेळ. आप्पा चमकले, पण उतरले. दोघं रस्त्याकडेला खड्ड्याजवळ उभे राहिले. मोकळी गाडी खड्ड्यातून गेली आणि 'खट्' झालं. मिस्त्रीनं वळून पुन्हा आणली, पुन्हा झालं. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

मिस्त्रीनं जॅक लावला. पाट्याचं मागचं टोक ज्या पिनेवर लोंबतं ती झिजून बारीक झाली होती, तिच्यावरच्या रबराचा भुगा झाला होता. वजन असलं की पाटा ताणला जाऊन घट्ट बसे, मोकळा झाला की पिनेवर आपटे. तासाभराचं काम निघालं. मिस्त्री मान वर न करता काम करत राहिला.

आप्पा म्हणाले, गहिनीनाथला नको म्हणून कळवतो.

"येऊ द्या त्याला," कारभारी म्हणाला. "मला आता बसवत न्हाई, आप्पा. लई थकलो. फकस्त गावात सांगा, आवाज हुता म्हणून."

दिवस मावळायच्या आत गाडी वेशीपाशी आली. मागं पाच माणसं कोंबलेली, कट्टा भरलेला. कुणीतरी 'खट्' म्हणालंच. आप्पांनी गाडी थांबवायला सांगितली, काच खाली केली आणि कट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवाज हुता. मिस्त्रीनं दाखवला. येडे आपुन ठरलो."

कारभारीनं गाडी आप्पांच्या दारापर्यंत नेली, सगळे उतरेपर्यंत थांबला, आणि सोमवारची वाट न बघता किल्ली त्यांच्या हातात दिली.