शंभरात चार

कचेरीत तिला सगळे मोजपट्टीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. सरकारी इमारतीचा आराखडा कुणी करायचा, हे ठरवणाऱ्या समितीत ती पाचवी. आर्किटेक्टच्या मेहनतान्याचं बोलणं सगळ्यात शेवटी; आधी शिक्षण, अनुभव आणि जुनं काम पाहून गुण द्यायचे, असा नियम. बाकीचे चौघे गुळगुळीत फोटो बघून माना डोलवायचे. ही बया मात्र पोलादी पट्टी घेऊन प्रत्येकाच्या जुन्या इमारतीत जाऊन थडकायची आणि झाडूवालीला विचारायची, "कुठं गळतं गं?"

या वेळचं काम बाळंतिणींच्या दवाखान्याचं होतं. अर्जदारांतल्या सर्वांत नावाजलेल्या आर्किटेक्टनं आधी केलेलं एक इस्पितळ बघायला ती गेली. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकत होतं. तुळईच्या भेगेत तिची बोटं गेली. तिथंच उभ्या उभ्या तिनं ठरवलं, शंभरात चार.

उतरताना दोघे आडवे आले.

"बाई, साहेबांना नव्वदच्या खाली नको."

"त्यांना म्हणावं, आधी हा जिना नीट करा."

पहिल्याच थपडेत चष्मा फुटून काच भुवईत घुसली. तिनं हातातली पट्टी फिरवली आणि एकाचं गालफड फाडलं. मग त्यानं तिचे केस धरून डोकं कठड्यावर आपटलं, दोनदा. दुसऱ्यानं तिचा उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि बुटाच्या टाचेनं ठेचला. हाडं मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला.

"कर आता सही," तो म्हणाला.

घरी नवरा रडला. "सोड ना गं ते. तुला काही झालं तर मी काय करू?" भीती तिलाही होतीच, पण संताप त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत अध्यक्षांनी तिच्या प्लास्टरकडे बघणंही टाळलं. "सही नसेल तर तुमचे गुण बाद धरावे लागतील." बाद झाले असते तर तो नावाजलेला आर्किटेक्टच पहिला आला असता.

तिनं कारकुनाकडून 'चार' लिहून घेतलं, डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

"अहो, इंजिनिअर बाईंनी अंगठा उठवायचा?" अध्यक्ष म्हणाले.

"उजवा हात त्यांच्याच जिन्यावर ठेवून आले, साहेब."

बेरीज झाली, आर्किटेक्ट तिसऱ्या क्रमांकावर गेला. पुढं तिची हाडं जुळली, पण त्या हाताला पेन्सिल धरणं काही जमलं नाही.