वास नसलेल्या माणसाचं जेवण

एका तापात बाबांना वास यायचा बंद झाला, तो पुन्हा आलाच नाही. जीभ खारट, आंबट, गोड तेवढं सांगायची. बाकी सगळं, त्यांच्या शब्दांत, ओला पुठ्ठा. डॉक्टरांनी वर्षभर वाट बघा म्हटलं होतं. दोन वर्षं झाल्यावर बाबांनी वाट बघणं सोडून दिलं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे बडोद्यातल्या वासणा भागात राहत होते. एक वाजला की जेवायला बसायचे, पानात असेल ते संपवायचे आणि उठायचे. मासे आणले तर म्हणायचे, कशाला उगाच, मला दुधी काय आणि सुरमई काय, सारखंच.

हे बोलणारा माणूस देवगडच्या बाजूला समुद्रकाठी वाढला होता. विशीत बाजव्याजवळच्या रिफायनरीत फिटर म्हणून लागला आणि बडोद्याचाच होऊन गेला. माझ्या लहानपणी आमचे सगळे शेजारी शाकाहारी. रविवारी खिडक्या लावून आई बांगडे तळायची आणि बाबा उदबत्ती घेऊन घरभर फिरायचे.

मी वाघोडियाच्या एका कारखान्यात काम करते. तिथे तीन वर्षांसाठी आलेले एक जपानी इंजिनियर होते, साठीच्या पुढचे. जपानी माणसं नावापुढे ‘सान’ लावतात एवढं कळल्यावर कामगारांनी त्यांचं ‘सानसाहेब’ करून टाकलं. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मोडकंतोडकं जपानी शिकले होते, त्यामुळे त्यांचं बरंचसं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. परत जायच्या आधी त्यांनी मला एका रविवारी दुपारी जपानी हॉटेलात जेवायला बोलावलं आणि घरच्यांनाही आण म्हणाले. घरचे म्हणजे बाबाच. बाबांनी ताटात काही टाकलं तर सानसाहेबांना वाईट वाटू नये, म्हणून मी वासाचं आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, “तरीसुद्धा आण.”

बाबा केवळ माझ्या शब्दाखातर निघाले. फाटकाशी शेजारच्या काकांनी गुजरातीत विचारलं, “क्यां चाल्या?” बाबा म्हणाले, “जमवा.” काय जेवायला, ते त्यांनी सांगितलं नाही.

हॉटेल दुसऱ्या मजल्यावर होतं, कापडाच्या दुकानावर. दारातला निळा पडदा बाजूला करून आत गेलो आणि रस्ता, हॉर्न, ऊन सगळं एकदम मागे राहिलं. कागदी दिव्यांचा उजेड मधासारखा खाली उतरत होता. तीन-चार टेबलांवर जपानी माणसं मान खाली घालून हळूहळू जेवत होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाण्याखाली बसल्यावर वेळ जसा जड आणि सावकाश होतो, तसं मला वाटत राहिलं. हिरवा चहा आला. त्यातून निघणाऱ्या वाफेकडे बाबा बराच वेळ बघत होते.

मग एकेक गोष्ट येऊ लागली. गडद लाल माशाचे पातळ काप, बर्फावर मांडलेले. ऑक्टोपसच्या जांभळट चकत्या. माशांची साबुदाण्याएवढी केशरी अंडी, दाताखाली फटकन फुटणारी. एका झाकणाच्या वाटीत वाफवलेलं अंडं होतं, खरवसासारखं थरथरणारं, तळाशी एक कोळंबी. बाबांना काड्या धरता येईनात. सानसाहेबांनी स्वतःच्या काड्या खाली ठेवल्या, भाताचा छोटा मुटका हाताने उचलला, वर माशाचा काप आणि खाली हिरव्या, झणझणीत वसाबीचा बोटभर लगदा, आणि तो बाबांच्या बशीत ठेवला.

बाबांनी तोंडात टाकला. दोनदा चावले आणि थांबले. त्यांचे डोळे मिटले, हात नाकाकडे गेला, गालांवरून पाणी वाहू लागलं. मी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

“इथे,” त्यांनी दोन भुवयांच्या मधे बोट टेकवलं. “इथे काहीतरी आलं.”

आणि त्यांनी आणखी मागितलं.

सानसाहेबांनी मला समजावून सांगितलं की हा वास नाही, चटका आहे. त्याची वाट वेगळी असते, ती बंद पडत नाही. त्यांच्या बायकोचाही शेवटच्या आजारात वास गेला होता. ती रोज वसाबी मागायची. मी हे बाबांना सांगितलं. बाबांनी चहाची किटली उचलून सानसाहेबांचा पेला भरला.

त्यानंतर शिंपले आले, उघडे, प्रत्येकात घोटभर पाणी आणि राखाडी मांसाचा गोळा. बाजूला लिंबाच्या फोडी. मी बघत बसले. बाबांनी कुणाची वाट न बघता एक उचलला, ओठाला लावला आणि ओढून घेतला.

“गो, हीं तर कालवां,” ते म्हणाले.

ती बोली मी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मग ते सांगत राहिले. ओहोटी लागली की माझी आत्या त्यांना खडकांवर न्यायची, कोयतीच्या टोकाने कालव उघडायची आणि पहिलं त्यांच्या तोंडात ओतायची, समुद्राच्या पाण्यासकट. मी ते जपानीत सांगू लागले. ओहोटीला शब्द सापडेना, म्हणून म्हटलं, “पाणी घरी जातं तेव्हा.” सानसाहेबांना ते बरोबर कळलं. त्यांची आईही उत्तरेकडच्या एका खडकाळ किनाऱ्यावर असंच करायची. पुढे त्या दोघांना माझी गरज उरली नाही. एक मालवणीत बोलत होता, एक जपानीत, आणि दोघांचे हात हवेत तोच खडक दाखवत होते.

शेवटचा शिंपला माझ्यासाठी ठेवला होता. चावायचं की गिळायचं, मी विचारलं.

“आधी नुसतं तोंडात धरून थांबायचं,” बाबा म्हणाले.

मी डोळे मिटून थांबले. गार, खारट, आणि कुठूनतरी खूप लांबून आलेलं.

बाबांचा वास अजूनही परत आलेला नाही. सानसाहेबांनी जाताना दिलेली वसाबीची ट्यूब कधीच संपली. आता मी मागवते, आणि बाबा भाकरीच्या कडेला थोडी लावून घेतात. हॉटेलातून आलो त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गावी आत्याला फोन लावला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे दोघंही ओरडून बोलत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. बडोद्यात कालवां, आणि तीही कच्ची, हे तिला आधी खरंच वाटेना. मग तिने एकच विचारलं, लिंबू दिल्यानी काय? बाबा म्हणाले, दिलं. तेव्हा तिचं समाधान झालं. म्हणाली, मग माणसां बरी आसत.