चिनी थडगं आणि सुवर्णाकाकूंचा हात

अमेरिकेतल्या आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या दुकानात सुवर्णाकाकू हुपरीकर काउंटरला होत्या, तोवर त्या दुकानाला सिक्युरिटी गार्ड लागला नाही. जॅकेटात पैठणी कोंबून निघालेल्या एका सुटाबुटातल्या इसमाला त्यांनी कापड मोजायच्या लोखंडी गजाने असा हाणला की त्याचं मनगट मोडलं, नाक काउंटरवर आपटलं आणि पैठणीच्या पदरावर रक्त सांडलं. काकू हळहळल्या, पण पदरासाठी. पुढे पार्किंगवरून अर्वाच्य बोलणाऱ्या बाईच्या गाडीचा आरसा, मग गणपतीच्या महाप्रसादात रांग मोडणाऱ्या डॉक्टरांची कॉलर. गावभर सांगतात त्यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेलं निम्मं पोलिसांना पुरण्याजोगं आहे.

पण या हाताने एक थप्पड अशी मारली की तिचं नाव घरात कोणी काढत नसे. एकुलत्या एका मुलाने, नकुलने, साखरपुड्यात जाहीर केलं की लग्न मराठी पद्धतीने होणार नाही. मुलगी ग्रेस, चिनी घरातली. तिची माणसं समोर सुपाचे वाडगे घेऊन बसलेली. काकू उठल्या आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडून व्याह्यांच्या सुपात पडला. त्या दिवसापासून नकुल आईशी एक शब्द बोलला नव्हता. राहतो जर्सी सिटीत, म्हणजे ट्रेनने तासाच्या आत. पण काकूंना ते दार चंद्राइतकं लांब होतं. काकूंचे यजमान अरुणकाका मात्र दर रविवारी गराजमध्ये जाऊन त्याच्याशी चोरून बोलत. काकू स्वयंपाकघरातून कान लावून ऐकत आणि काही न ऐकल्यासारखं करत भाजी परतत.

तिथूनच त्यांना कळलं की ग्रेसला दिवस गेलेत. आणि हेही, की बाळ झाल्यावर आईला बोलवायचं का, यावर नकुलचं उत्तर होतं, "बघू."

आता अरुणकाकांचा छंद सांगायला हवा. माणूस देवभोळा, मऊ, पण फोटो काढणार ते थडग्यांचे! लोक नायगारा बघायला जातात, हे त्याच्या अलीकडची दफनभूमी शोधतात. ग्रेसच्या आजीच्या, म्हणजे तिच्याकडेच राहणाऱ्या पो-पोच्या कानावर हे गेलं आणि म्हातारीने निरोप धाडला: माझ्या आजोबांच्या थडग्याचा फोटो मला आणून द्या.

हे आजोबा चीनमधून ओरेगनच्या पूर्वेकडच्या उजाड डोंगरांत सोनं धुवायला आलेले. एके पहाटे गोऱ्या खाणकामगारांनी चिनी मजुरांच्या झोपड्यांना आग लावली. जे बाहेर पळाले त्यांना दारातच गोळ्या घातल्या, जे वाचले त्यांना, त्यात हे आजोबाही, कुऱ्हाडींनी तोडलं. कोणाला शिक्षा झाली नाही. बाकीच्यांच्या अस्थी नातलगांनी नंतर उकरून मायदेशी नेल्या. या आजोबांच्या न्यायला कोणी आलं नाही. पो-पोला पल्ला झेपणारा नव्हता आणि ग्रेसला डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता.

"मी येणार," काकू म्हणाल्या. "आणि फोटो नकुलच्या दारात माझ्या हातांनी देणार."

"ये. पण तुझे हात तिथे जॅकेटच्या खिशात," अरुणकाका म्हणाले. "शपथ घे. एकदा जरी बाहेर आले ना सुवर्णा, तर नकुलला काय सांगू मी?"

काकूंनी शपथ घेतली.

दफनभूमी म्हणजे मोडक्या तारेच्या कुंपणातलं वाळलेलं गवत आणि उकरून नेलेल्या थडग्यांचे खड्डे. दगड एकच उभा. त्याच्यावर तीन चिनी अक्षरं, आडनाव सर्वांत वर. अरुणकाका आधी मोकळ्या हातांनीच बघून आले. अक्षरं झिजलेली, ऊन तिरपं झालं की त्यांच्या सावल्या पडतील आणि नाव उठून दिसेल, असं म्हणत कॅमेरा घ्यायला भाड्याच्या गाडीकडे वळले.

"अहो! मसणातून आलात. गाडीला हात लावू नका. आधी आंघोळ."

"अगं इथे कुठे आंघोळ? आणि आत्ता पुन्हा तिकडेच जायचंय ना!"

"मोटेलमध्ये पुन्हा करा. नातवंड यायचंय घरात, मला विषाची परीक्षा नको."

कुंपणापलीकडे गुरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी टाकी होती. पाच मिनिटांत अरुणकाका पंचा गुंडाळून टाकीत कमरेइतक्या गार पाण्यात उभे, आणि काकू डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर स्टीलचा तांब्या ओततायत, उजवा शपथेप्रमाणे खिशात. अमेरिकेच्या त्या कोपऱ्याने अनेक प्रकार पाहिले असतील, हा नसेल पाहिला.

पिकअप ट्रक धुरळा उडवत आला. त्यातून डेल नावाचा रानमालक उतरला, हातात रायफल, मागून कुत्रा.

"माझ्या गुरांच्या पाण्यात कोण हा नागडा?"

"सॉरी, सॉरी," अरुणकाका पंचा सावरत बाहेर आले. आता शुद्ध झाले होते, म्हणून गाडीतला कॅमेरा आणि ट्रायपॉड काढायची परवानगी त्यांना काकूंकडून मिळाली. "एकच फोटो काढतो आणि जातो. त्या दगडाचा. आमच्या सुनेच्या घरातला माणूस आहे."

"तुमचा माणूस?" डेलने दोघांच्या रंगाकडे पाहिलं, कुंपणाजवळ थुंकला. "दर वर्षी कोणीतरी येतं या चिन्यासाठी रडायला. थांबा, मीच देतो पोज."

त्याने रायफल खांद्याला लावली आणि दगडावर झाडली. खालचा कोपरा फुटून उडाला. एक कपची अरुणकाकांच्या गालात घुसली आणि रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. डेल हसला. पुढची गोळी भरत दगडाकडे चालू लागला.

काकूंचा उजवा हात खिशातून बाहेर आला. ट्रायपॉड काकांच्या हातातून कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. दगडाजवळच त्यांनी डेलला गाठलं. पहिला तडाखा नाकावर. हाड मोडल्याचा आवाज टाकीपर्यंत आला. दुसरा कोपरावर; रायफल सुटली आणि गोळी आभाळात गेली. तिसरा द्यायच्या आत कुत्र्याने काकूंची पोटरी धरली आणि मांसाचा लचका तोडला. डेलने तोंडभर रक्त थुंकलं, काकूंना केसांना धरून जमिनीवर आपटलं आणि बरगड्यांत दोन लाथा घातल्या. मग ट्रकमध्ये चढून तो उलटा घातला सरळ त्या दगडावर. दगडाचे तुकडे झाले. तुकड्यांवरून ट्रक पुन्हा एकदा नेला आणि निघून गेला.

आणि अरुणकाका? जन्मभर बायकोच्या दंडाला लटकून "सुवर्णा, पुरे" म्हणणारा हा माणूस ओल्या पंच्यावर उभा राहून फोटो काढत होता.

पोलीस आले, टाके पडले, दोन्ही बाजूंनी मारहाणीच्या केसेस लागल्या. रात्री मोटेलमध्ये काकांनी फोटो उघडले. घाईत काढलेले, त्यामुळे सगळे पुसट. एकच लख्ख आला. तिरप्या उन्हात तिन्ही अक्षरं नुकती कोरल्यासारखी. आणि शेजारी दात विचकलेल्या काकू, डेलच्या नाकात रुतलेला ट्रायपॉडचा पाय, हवेत रक्ताचे शिंतोडे. ट्रायपॉडचा दांडा बरोबर वरच्या अक्षराला लागून गेलेला.

"कापून टाकतो तुला," काका म्हणाले. "म्हणजे फोटोतून."

त्यांनी कापून दाखवलं. काकू गेल्या, पण त्यांच्याबरोबर वरचं अक्षरही गेलं. आडनाव.

काकूंनी स्क्रीन स्वतःकडे वळवला. खरा दगड आता चुरा झाला होता. हा फोटो दिला तर नकुल काय बघणार, ते त्यांना ठाऊक होतं: साखरपुड्यातली तीच आई.

"नका कापू," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला एकदा तोडलाय तेवढं पुरे."

जर्सी सिटीतल्या उंच इमारतीत नकुलने दार उघडलं, तेव्हा आई कुबडी घेऊन उभी होती. त्याने फोटो हातात घेतला. त्याचा चेहरा कठीण झाला.

"तू पुन्हा मारलंस."

"मारलं."

मागून ग्रेस आली, पोट सावरत. तिने फोटो नेऊन खिडकीशी बसलेल्या पो-पोच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने भिंग लावून एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग भिंग बाजूला सरकलं आणि काकूंवर थांबलं. ती काहीतरी बोलली.

"पो-पो विचारतेय," ग्रेस इंग्रजीत म्हणाली, "तो माणूस नंतर उठला का?"

"उठला," काकूंनी खरं ते सांगितलं. "उठून मला लाथा घातल्या."

हे ऐकून पो-पो काहीतरी असं बोलली की ग्रेसने ते भाषांतर करायला साफ नकार दिला आणि तोंडावर हात धरून हसू लागली. म्हातारीने फोटो छातीशी धरला आणि दाराकडे बोट करून नकुलला दटावलं. त्याला कळायला भाषांतर लागलं नाही.

तो दारातून बाजूला झाला, पण पुरता नाही.

"मसणातून आलीयस ना?" तो मराठीत म्हणाला. "कशाला हात लावू नकोस. आधी आंघोळ."

"टाके भिजवू नका म्हणालाय रे डॉक्टर."

"मग पाय बाहेर काढून कर," नकुल म्हणाला, आणि टॉवेल आणायला आत गेला.